वासाचा रकाना

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. तुझ्या पडवीत, तुझ्याच खुर्चीवर बसून मी तुझी वही उघडली. तुझी नोंद सकाळ-संध्याकाळ सहाच्या ठोक्याला होत असे. मला दहा मिनिटे उशीर झाला, हे प्रथम मान्य करतो.

काल तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. तुझी काहीच इच्छा मागे राहिली नाही, असे जमलेले लोक म्हणाले. मी ऐकून घेतले. मान्य केले नाही. कावळ्याला भूक लागलेली असणे, हेही एक कारण असू शकते. तुझी एक गोष्ट मागे राहिली आहे, हे मला पक्के ठाऊक होते, कारण ती मीच अडवून धरली होती. या वहीच्या शेवटच्या पानावरची माझी सही.

धर्मा, मुरबाड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपण एकोणतीस वर्षे एकत्र काढली. मी रसायनशास्त्राचा शिक्षक, तू परिचर. मुले तुला मामा म्हणत. तू मला सर म्हणायचास, मी तुला तू. निवृत्तीनंतर मी शहापूरला घरी बसलो आणि तू टोकावड्याच्या पुढे तुझ्या पाड्यावर परतलास. तरी तू मला सरच म्हणत राहिलास आणि मी तुला तूच. महिन्यातल्या एका रविवारी मी दोन एसट्या बदलून तुझ्याकडे येत असे. का येत असे, हे तू कधी विचारले नाहीस. ते बरे केलेस. मला उत्तर देता आले नसते.

गेल्या वर्षी तुझी लेक वनिता एक डबी घेऊन आली. साबणाच्या डबीएवढी, पुढे बारीक जाळी, वर आकडे दाखवणारी काच. शहरातल्या एका संस्थेत ती याच विषयावर संशोधन करते. तिने मला सारे समजावून सांगितले. शिसपेन्सिलीत जे ग्राफाइट असते, ती कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. त्यातला एकच पापुद्रा, एका अणूच्या जाडीचा, सुटा केला की ते ग्राफीन. त्याला आत असे काही नाही. जे आहे ते सगळे उघड्यावर. त्यामुळे वायूचे थोडे रेणू त्यावर येऊन बसले, तरी त्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडतो आणि आकडा हलतो.

"ज्याच्यावर कोणीही येऊन बसू शकते, त्याला बसणाऱ्याचे नाव कसे कळते?" मी विचारले.

"तेच अवघड आहे, सर," ती म्हणाली. "हायड्रोजन सल्फाइड जास्त ओळखावा म्हणून आम्ही वरून लेप दिलाय. पण दमट हवा, दुसऱ्या वाफा, यांनीही तो फसतो. कुठे आणि किती फसतो, ते गावच्या हवेत वर्षभर बघायला हवं. म्हणून तर बाबांना वही दिलीय."

तू मध्येच म्हणालास, "सर, आपल्या लॅबमधल्या किपच्या उपकरणातला तोच तो वायू. सडक्या अंड्याचा. पण या डबीचं नाक माझ्यापेक्षा चांगलं हाय."

मी ते लेकीचे कौतुक समजलो.

डबी कशासाठी हवी, हे पाड्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. तुझा धाकटा भाऊ किसन त्याआधीच्या वैशाखात विहिरीचा गाळ काढायला उतरला, तो वर आला नाही. रीतीप्रमाणे आधी कंदील सोडला होता. तो तळापर्यंत जळत राहिला. करंजाचे डहाळे दोराला बांधून खालीवर झोडले होते, म्हणजे कोंडलेली हवा मोडावी. सगळे केले होते. पण कंदिलाला हा वायू कळत नाही. किसनने गाळात पाय घातला आणि गाळाने पोटात धरलेले बाहेर सोडले. येत्या वैशाखात पाड्यावरची माणसे पुन्हा उतरणार आहेत, आणि या खेपेस डबीच्या शब्दावर. डबीचा शब्द किती धरायचा, ते तुझ्या वहीवरून ठरणार. घराबाहेरच्या, रसायन जाणणाऱ्या एका माणसाने वही तपासून सही करावी, असा वनिताचा आग्रह होता. तो माणूस मी.

दिवाळीनंतरच्या रविवारी तू वही माझ्यापुढे ठेवलीस. सुतळीने बांधलेली पेन्सिल, आखलेले चार रकाने : वेळ, जागा, आकडा, वास. मी तासभर वाचली. दोन गोष्टी मला खटकल्या. रोज सकाळचा पहिला आकडा मोठा, रोज साधारण तेवढाच. मग अर्ध्या तासात तो खाली. आणि वासाच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द. नाही. विहिरीशी नाही, हे मी समजू शकत होतो. पण गोबरगॅसच्या टाकीतून जिथे शेणाची रबडी बाहेर पडते, त्या खड्ड्याशीही नाही. तिथून जाताना मी दरवेळी नाकाला रुमाल लावलेला आहे.

"धर्मा, ही वही घरात बसून लिहिलेली आहे."

"नाय, सर."

"शेणाच्या खड्ड्याशी उभा राहून माणूस 'वास नाही' असे लिहितो?"

"मला आला नाय, मंग काय लिवू?"

"आणि हा रोज सकाळचा उंचवटा? निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. ही शिस्त माणसाच्या हाताची आहे."

"डबी दावते तेवढंच लिवतो मी, सर."

"प्रात्यक्षिक परीक्षेतही तू असेच करायचास. दुसऱ्याच्या हाताने उत्तर."

हे तुझ्या बायकोच्या, भागीवहिनींच्या देखत बोलायला नको होते. तू वही मिटलीस. पेन्सिलीचा गुंता सोडवलास, पुन्हा नीट गुंडाळलीस. मग विचारलेस, "चा घेता ना, सर?" मी घेतला नाही. चारची एसटी धरली. दरवेळी तू रस्त्यापर्यंत येऊन हात दाखवून गाडी थांबवायचास. त्या दिवशी हात मीच दाखवला. पुढच्या रविवारी सकाळी तू गेलास.

प्रात्यक्षिक परीक्षेचा तो वाद आपल्यात निवृत्तीच्या आधीपासूनचा. परीक्षेत प्रत्येक मुलाला एक अनोळखी क्षार दिला जाई आणि कसोट्या लावून त्याने तो ओळखायचा. वसतिगृहातल्या मुलांचे क्षार दरवर्षी बिनचूक निघत. ज्यांना समीकरण लिहिता येत नसे, त्यांचेसुद्धा. मागच्या खिडकीतून चिठ्ठ्या येतात, असा मला संशय आला. म्हणून मी ती खिडकी खिळे ठोकून बंद करून घेतली. खिळे तूच ठोकलेस. तरी क्षार बिनचूक येतच राहिले. मी तुला विचारले, तर तू हो म्हटले नाहीस, नाही म्हटले नाहीस. "पोरं हुशार हायत, सर," एवढेच.

काल जेवणाच्या पंगतीत त्याचा निकाल लागला. एकनाथ आला होता, त्याच वसतिगृहातला. आता एसटीत कंडक्टर आहे. भात कालवता कालवता म्हणाला, "सर, आता सांगायला हरकत नाय. मामा नाव कधी सांगत नव्हते. बाहेरचा परीक्षक डोळे लावून बसलेला असायचा ना. मामा टेबलं पुसत पुसत यायचे. दोनदा खोकले का समजायचं अमोनियम. नाक ओढलं का सल्फाइड. कान खाजवला का कार्बोनेट."

"आणि कॉपर?" मी विचारले.

"कॉपर निळाच असतो, सर. त्याला मामा कशाला लागतात?"

पंगत हसली. मागून कोणीतरी म्हणाले, "अरे, सर हसले रे!" ते खरे असावे.

तेव्हा ही नोंद तुझ्यासाठी करतो : माझा संशय खरा होता. आणि तो एकदा खरा होता, म्हणून दुसऱ्यांदाही खराच असणार असे मी धरून चाललो. मुलांच्या जर्नलमध्ये मी ही चूक तांबड्या शाईने दाखवीत आलो आहे.

कारण एकनाथचे बोलणे संपते न संपते, तोच वाढायला आलेल्या भागीवहिनी थांबल्या. "नाक ओढायचे म्हंजे नुसतंच ओढायचे हो. त्यांना नाक व्हतं कुठं?"

मी त्यांना पुन्हा सांगायला लावले.

"वास यायचाच नाय त्यांना. आधी थोडा थोडा गेला, मंग सगळाच. एकदा बोंबील जळून कोळसा झाले, सगळा पाडा धावत आला, हे आपले पडवीत पेपर वाचतात! लोक म्हनले, काय वाचायची आवड." त्या हसल्या, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "कोनाला बोलायचं नाय म्हनले. शाळेत कळलं तर लॅबमधनं काढतील. आन् किसनभावजी गेल्यावर तर शपथच घातली. त्या दिवशी काठावर भावजींनी ह्यांनाच विचारलं व्हतं. दादा, तू लॅबमधला मानूस, वास येतो का रे बघ. हे वाकले. म्हनले, नाय, उतर."

त्यानंतर पंगतीत कोणी काही मागितले नाही.

मी काल तुझ्याकडेच राहिलो, कारण शेवटची एसटी निघून गेली होती. हे कारण खरे आहे. पुरेसे आहे, असे म्हणत नाही.

ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवीत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि वहिनींच्या सांगण्याने वासाचा रकाना सुटत होता. आकड्यांचा उंचवटा सुटत नव्हता. म्हणून आज सकाळी मी त्यांना विचारले, "नोंद घेण्याआधी तो काय करीत असे, ते मला जसेच्या तसे करून दाखवा."

त्यांनी फडताळातून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला. "सकाळी उठले का आधी पुसायचे. जाळी, काच, कडा, सगळं. तुमच्या शाळेत नळ्या पुसायचे ना, तसं. मंग हातात धरून जायचे."

मी कापूस भिजवला आणि डबी पुसली. पडवीभर स्पिरिटचा वास सुटला. आतून वनिता धावत आली. "सर! कोण लावतंय स्पिरिट? त्याची वाफ चढते त्यावर!"

मी तिला बोटाने काच दाखवली. आकडा चढत होता. तुझ्या वहीतल्या उंचवट्यापाशी येऊन तो थांबला. मी घड्याळ काढून समोर ठेवले. अर्ध्या तासात तो उतरला, तुझ्या वहीत उतरतो तसाच. दुसऱ्यांदा पुसले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा न पुसता पाहिले. आकडा जागचा हलला नाही.

वनिता उंबऱ्यावर बसली. ती लहानपणापासून वसतिगृहात वाढली. तुझ्या नाकाचे तिलाही कालच कळले. "रोज सकाळी काहीतरी चढतंय, हे मला डबीच्या साठवलेल्या नोंदींत दिसत होतं, सर. पुसू नका, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. वाटलं, एवढा भपकारा येतो, कोणालाही कळेल."

"त्याला येत नव्हता," मी म्हणालो. "काच स्वच्छ केल्याशिवाय मोजमाप घ्यायचे नाही, एवढे त्याला येत होते. ते मी शिकवले होते."

आता ऐक, धर्मा. खोटी वही लिहिणारा माणूस विचित्र आकडा पहिल्यांदा गाळतो. वर्षानुवर्षे मी अशा वह्या तपासल्या आहेत. तुला तो उंचवटा उमगत नव्हता, तरी तू एकही दिवस तो गाळला नाहीस. शेणाच्या खड्ड्याशी उभा राहून 'वास आहे' असे लिहायला काय लागते? आंधळ्यालाही ते अंदाजाने लिहिता आले असते, आणि मी मुकाट्याने सही केली असती. तू नाही लिहिलेस, कारण तुला आला नव्हता. मी पाहिलेल्या वह्यांत इतकी प्रामाणिक वही दुसरी नाही, आणि तिला मी खोटी म्हणालो.

खिडकीचेही लिहिले पाहिजे. हायड्रोजन सल्फाइडचे ते किपचे उपकरण त्याच खोलीत चालत असे. तास संपला की मी बाहेर पडत असे. तू ते सोडवून, धुऊन, पुसून ठेवायला मागे थांबत असस. खिडकी बंद असे. तुझे नाक त्यानेच गेले, असे मी म्हणत नाही. नाक जाण्याला कारणे पुष्कळ असतात, आणि अपुऱ्या निरीक्षणांवरून अनुमान काढू नये, हे मीच शिकवले. मी निरीक्षणे तेवढी लिहितो. अनुमानाची जागा रिकामी ठेवतो. ती रिकामी आहे, याचा अर्थ मला काही सुचत नाही असा घेऊ नकोस.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मला सर्वांत जड जाते. गाळ ढवळल्याशिवाय तो वायू फारसा वर येत नाही. आणि तो फार झाला, की धडधाकट नाकही काही क्षणांत बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून माणसे मरतात. किसनच्या विहिरीवर त्या दिवशी तुझ्या जागी मी वाकलो असतो, तर मलाही बहुधा वास आला नसता. मीही म्हणालो असतो, नाही, उतर. 'बहुधा' हा शब्द मी काढू शकत नाही. तुला तो खपला असता, कारण खोट्या दिलाशाची तुला सवय नव्हती. ही माहिती माझ्याकडे होती. दरवर्षी मी ती वर्गभर मुलांना सांगत आलो. तू त्या वेळी मागच्या मोरीवर परीक्षानळ्या धूत असायचास, आणि नळाच्या आवाजात तुला ऐकू जात नव्हते. किसन गेल्यावर मी भेटायला आलो, तेव्हा तुझ्याशेजारी अर्धा तास बसलो. पाऊसपाण्याचे बोललो. तू विचारले नाहीस, आणि विचारल्याशिवाय सांगायचे नाही, ही माझी रीत. ती रीत चांगली आहे, असे मी आजवर समजत होतो.

दुपारी मी शेवटचे पान लिहिले. वनिताला वाचून दाखवले, तसे तुलाही सांगतो. नोंदी घेणाऱ्यास वास येत नसे. म्हणून वासाचा रकाना विचारात घेऊ नये, पण तो खोटा समजू नये. सकाळचा पहिला आकडा स्पिरिटचा आहे. बाकीच्या नोंदी जशा दिसल्या तशा लिहिल्या आहेत, याची मी खात्री देतो. खाली सही केली.

डबीवर माझा संशय मात्र कायम आहे, हेही त्याच पानावर लिहिले. जी स्पिरिटला फसली, ती विहिरीच्या दमट हवेला फसणार नाही कशावरून? वनिताला राग येईल असे वाटले होते. ती म्हणाली, "हे वाक्य अधोरेखित करा, सर. मलाही तेच सिद्ध करायचंय." तेव्हा वैशाखात डबी उतरेल, पण तिच्याबरोबर कंदीलही उतरेल, डहाळेही झोडले जातील, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर राहील. काठावर वाकून 'उतर' असे एकट्या माणसाने म्हणायचे नाही. ही शेवटची अट माझी. पाड्यावरच्या लोकांनी ती ऐकून घेतली. पाळतील की नाही, याबद्दल मला शंका आहे. म्हणून त्या दिवशी मी येणार आहे.

संध्याकाळी पिशवी भरून मी पडवीत एसटीची वेळ होण्याची वाट पाहत बसलो होतो. भागीवहिनींनी चहा आणून ठेवला. मी घेतला. त्यांनी आतल्या घड्याळाकडे पाहिले आणि कोणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "सहा वाजत आले. आता कोन घेनार नोंद?"

वनिता उठू लागली. मी तिला बसायला सांगितले.

डबी पुसली नाही. वही काखेत धरून गोबरगॅसच्या मागे, खड्ड्यापर्यंत गेलो. पेन्सिल बोथट झाली होती, पण अक्षर उमटत होते. वेळ : सहा. जागा : शेणाचा खड्डा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो आणि दिसला तसा लिहिला. चौथ्या रकान्याशी हात थांबला. वर पानभर तुझे वळणदार अक्षर, ओळीखाली ओळ : नाही, नाही, नाही. खिशातला रुमाल मी बाहेर काढला नाही. पुरता श्वास आत घेतला, आणि तुझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिले : आहे.